सर्वांगीण तपासणीची तपासणी

आमच्या परिचयाचे एक मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा मुलांनी त्यांना 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज भेट दिले. सरांना कसलाही त्रास नव्हता. अहवालात मात्र एका आकड्यापुढे तारा छापलेला होता. प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित पीएसएचे प्रमाण थोडे जास्त होते. मग बायॉप्सी झाली, त्यातून जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. कर्करोग निघाला नाही. "तपासलं म्हणून कळलं तरी!" असे सगळे म्हणाले. नेमके काय कळले, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारणारा एक शोधनिबंध आहे. क्रोग्सबोल, यॉर्गेन्सन व ग्यॉत्शे या डेन्मार्कमधील संशोधकांनी कॉक्रेन या संस्थेसाठी तो २०१२ साली लिहिला आणि २०१९ साली सुधारून पुन्हा प्रसिद्ध केला. प्रश्न साधा आहे: कोणतीही तक्रार नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी केली, तर त्यांचे आयुष्य वाढते का?

हा प्रश्न सोडवण्याची रीत वर्गात सांगण्याजोगी आहे. तपासणी करून घेणारे आणि न घेणारे यांची थेट तुलना करून भागत नाही. आपण होऊन तपासणीला जाणारा माणूस बहुधा आधीच प्रकृतीला जपणारा असतो. जादा तासाला स्वतःहून येणारी मुले पास झाली, तर श्रेय तासाचे की मुलांचे, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट करतात, एकाच गटाला तपासणी देऊ करतात आणि काही वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यू मोजतात. बोलावूनही न आलेल्यांना त्यांच्याच गटात धरतात.

अशा १५ प्रयोगांतील सुमारे अडीच लाख लोकांची माहिती निबंधात एकत्र केली आहे. एकूण मृत्यूंची नोंद ११ प्रयोगांत होती आणि त्यांत २१,५३५ मृत्यू झाले. दोन्ही गटांतील मृत्यूच्या प्रमाणांचे गुणोत्तर निघाले १.००. म्हणजे फरक नाही. हृदयविकाराने व कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतही घट दिसली नाही.

एवढ्या तपासण्यांचा उपयोग का होऊ नये? एक कारण गणिताचे आहे. प्रयोगशाळेतील बऱ्याच चाचण्यांची 'सामान्य' मर्यादा अशी आखतात की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण तीत बसावेत. म्हणजे ५ निरोगी माणसांच्या अहवालावर तारा येणारच. आता २० चाचण्या केल्या आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर सर्व आकडे मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के निरोगी लोकांना निदान एक तारा मिळेल! प्रत्यक्षात चाचण्या पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा बदलेल. पण दिशा तीच राहील.

दुसरे कारण त्या देशांच्या वैद्यकव्यवस्थेत आहे. तेथे सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या माणसाचा रक्तदाब कुटुंबवैद्य सहज पाहून घेतो. तुलनेच्या गटालाही हे मिळतच होते.

निबंधाची पद्धत आम्हाला भक्कम वाटते. पण त्यात तीन उणिवा आहेत. पहिली म्हणजे बरेच प्रयोग १९६० ते १९९० या काळात सुरू झालेले आहेत. त्यानंतर औषधे सुधारली. यावर उत्तर म्हणून कोपनहेगनजवळचा 'इंटर९९' हा प्रयोग दाखवता येतो. १९९९ साली सुरू झालेल्या या प्रयोगात सुमारे ६० हजार लोक होते आणि आहार-व्यायामाचा सल्लाही होता. दहा वर्षांनी तेथेही फरक दिसला नाही. दुसरी उणीव अशी की जवळजवळ सगळे प्रयोग युरोप-अमेरिकेतले आहेत. तिसरी आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती निबंधाची नसून मूळ प्रयोगांची आहे. फायदे बारकाईने मोजले गेले, पण नाहक झालेल्या पुढच्या तपासण्या, त्यांतील इजा, धास्ती यांची मोजदाद बहुतेकांनी केलीच नाही. आमच्या मुख्याध्यापकांचे चार दिवस अशा कोणत्याच तक्त्यात आले नसते. रुग्णाची सुरक्षितता मोजायची गोष्ट आहे, हेच उशिरा सुचले. बेल्जियमचे कुटुंबवैद्य मार्क जामूल यांनी १९८६ साली 'चतुर्थ प्रतिबंध' ही कल्पना मांडली ती यासाठीच: अनावश्यक वैद्यकापासून माणसाचे रक्षण करणे हेही प्रतिबंधक वैद्यकच होय.

मग तपासणी करूच नये काय? असा अर्थ काढणे म्हणजे निबंध चुकीचा वाचणे. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट हे कुटुंबवैद्य होते. त्यांनी गावातील प्रौढांचा रक्तदाब मोजला, तोही बहुतांशी लोक इतर कारणांनी दवाखान्यात येत तेव्हाच, आणि ज्यांचा वाढलेला होता त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २५ वर्षांनंतर, १९९१ साली, त्यांनी शेजारच्या गावाशी तुलना करून दाखवले की त्यांच्या गावी अकाली मृत्यू कमी होते. दोनच गावांची ही तुलना चिठ्ठ्यांच्या प्रयोगाइतकी पक्की नाही. तरी फरक ध्यानात घ्यावा. तेथे चाचणी एक, उपचार ठाऊक आणि पुढे पाहणारा माणूस ओळखीचा होता. पॅकेजमध्ये चाचण्या अनेक असतात आणि अहवाल हाती पडला की संबंध संपतो.

याच हार्ट यांनी १९७१ साली 'व्यस्त सेवेचा नियम' मांडला: चांगली वैद्यकीय सेवा जेथे गरज जास्त तेथेच कमी मिळते. आपल्याकडे रक्तदाब वाढलेल्या असंख्य लोकांना त्याची कल्पनाही नसते. पॅकेज विकत घेणारे बहुधा ते नव्हेत. युरोपातील 'फरक नाही' हा निष्कर्ष घेऊन खेड्यातील रक्तदाबाची साधी मोजणी बंद करणे जितके चूक, तितकेच शहरातील निरोगी माणसाला चाळीस चाचण्या विकणे चूक.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. डब्यात २० चिठ्ठ्या ठेवाव्या आणि एकीवर तारा काढावा. प्रत्येक मुलाने २० वेळा चिठ्ठी उचलून परत डब्यात टाकावी. ४० मुलांच्या वर्गात सुमारे २६ जणांना निदान एकदा तरी तारा मिळेल. मग मुलांना विचारावे, यातले आजारी किती? आणि घरी कोणी पॅकेज घेणार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना हे विचारायला सांगावे: या चाचणीत दोष निघाला तर पुढे काय करणार, आणि त्या पुढच्या गोष्टीने मला इजा होण्याची शक्यता किती?