आधी प्रेम, मग वैराग्य

उपवासकाळ आला की मराठी ख्रिस्ती समाजात चिंतनपर लेखनाला भर येतो. मासिकांत, छोट्या पुस्तिकांत, प्रवचनांत एकच आर्जव ऐकू येते : जगाच्या मोहापासून दूर राहा, पापाकडे पाठ फिरवा. त्यातली कळकळ खरी असते. पण हे लेखन सलग वाचत गेले की एक उणीव टोचत राहते. ज्याच्या प्रेमासाठी सगळे सोडायचे, तो ख्रिस्तच या पानांवर फार थोडा वेळ दिसतो. मराठी ख्रिस्ती भक्तिलेखनाच्या चांगल्या काळात क्रम याच्या उलट होता. प्रेम आधी जडायचे आणि सुटायचे ते त्यापाठोपाठ सुटायचे. तो क्रम हरवल्यामुळेच आजचे पुष्कळसे लेखन फिके पडले आहे, असे मला ठामपणे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि पुढे साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांत राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. ओव्या दहा हजारांवर. पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथेला 36 अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राला 59. स्टीफन्स उपदेश करतात, मूर्तिपूजेवर कठोर प्रहारही करतात. आज ते भाग वाचवत नाहीत. ज्या श्रोत्यांसाठी ते लिहीत होते त्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेने हिरावून घेतली होती, हे बाजूला ठेवून या काव्याची थोरवी गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही काव्य तगले ते कथेच्या बळावर. चर्चमध्ये ते वाचले जाई, तेव्हा ऐकणाऱ्यासमोर आधी एक जीव लावणारा माणूस उभा राहत असे. पुढे 1684 च्या फर्मानाने गोव्यात देशी भाषेवरच घाला आला. 1654 नंतर तिथे पुराणाची आवृत्ती निघाली नाही, पण हस्तलिखितांतून ते जगले. मंगळूरला 1907 मध्ये सालढाणा यांनी ते पुन्हा छापले आणि देवनागरीत वाचायला मराठी माणसाला 1956 ची, शांताराम बंडेलू यांची आवृत्ती यावी लागली.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी वाङ्मयावर इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. हरि केशवजींनी इंग्रज लेखक जॉन बनियनचे यात्रेकरूचे रूपक ‘यात्रिकक्रमण’ या नावाने 1841 मध्ये मराठीत आणले. मोहाचा भरलेला बाजार आणि त्यातून वाट काढणारा यात्रेकरू मराठीत आला तो असा. पण त्या काळाचा मुख्य सूर वादविवादाचा होता. खंडनमंडनात प्रेमाला जागा कमीच उरते. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, तेव्हा कोरड्या वादात पुन्हा गाणे आले.

आणि मग नारायण वामन टिळक. 1893 च्या एका रेल्वेप्रवासात सहप्रवाशाकडून त्यांना नवा करार मिळाला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, आणि माउलीशी लेकराने करावी तशी लाडीगोडी, हट्ट, रुसवा त्यांत सहज येतो. हेच टिळक फुलांमुलांचे कवी म्हणूनही ओळखले जातात, याकडे आपले भक्तिपर लेखक पुरेसे लक्ष देत नाहीत. त्यांनी देवाने निर्मिलेल्या जगाला मोह म्हटले नाही. रानफूल, लेकरू, देश यांवर त्यांनी जीव टाकला. 1917 मध्ये त्यांनी सोडला तो मिशनचा पगार, सुरक्षितता आणि संस्थेची छत्रछाया. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला; बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. आपला मोह नेमका कुठला, हे या माणसाला कळले होते.

पण या विषयावरचे मराठीतले सर्वांत खोल लेखन मला टिळकांच्या कवितेतही सापडत नाही. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. धर्मचिंतन म्हणून या पुस्तकाकडे फारसे कुणी पाहत नाही, ही आपल्या समीक्षेची मोठी चूक आहे. टिळक हातातले देऊन टाकतात, आणि चूल पेटवायची जबाबदारी बाईंवर येते. पुरुषाच्या वैराग्याचा भार घरातल्या बाईच्या खांद्यावर कसा पडतो, हे इतक्या स्वच्छ नजरेने आणि तरीही प्रेम न आटू देता दुसऱ्या कुणी लिहिलेले मला माहीत नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे दोघे दुरावले होते. बाईंचे सोवळे एका उपदेशाने गेले नाही. माणसांत वावरताना, विचार करताना, जात ही माणसाची करणी आहे हे मनाशी पटले, तेव्हा ते गळून पडले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनाथ पोरांना त्यांनी घरात वाढवले, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य बव्हंशी त्यांनीच पुढे नेले. सोडणे आणि धरणे यांतले नाते ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने पुस्तिका बाजूला ठेवून हे पुस्तक उघडावे.

आज काय आहे? ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक अजून हाताळले जाते, पण तरुणांच्या सभांत इंग्रजी कोरसांची भाषांतरे वाढली आहेत. तालासाठी अक्षरे ओढली जातात आणि ‘जग’, ‘मोह’, ‘अंधार’ हे शब्द कुठल्याही गावाला, कुठल्याही माणसाला लागू पडतील इतके सैल होतात. याला सणसणीत अपवाद वसईतून आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करताना आणि हरित वसईच्या लढ्यात उतरून लोभाला ठोस रूप दिले : बागायती जमिनीचा सौदा, विहिरीतले आटते पाणी, बिल्डरांची दहशत. त्यांचे ‘सुबोध बायबल’ सामान्य वाचकाला झेपणाऱ्या मराठीत आहे. 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, अशी ओरड झाली. त्यांच्या लेखनाची चर्चा मात्र थोडीच झाली. सिसिलिया कार्व्हालो, अनुपमा उजगरे या ख्रिस्ती लेखिकांच्या लेखनाच्या वाट्यालाही ही उपेक्षा आली आहे.

यात समीक्षकांचाही दोष आहे. गं. ना. मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा कष्टपूर्वक मागोवा घेतला, पण आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याला एक वेगळे प्रकरण देऊन मोकळे होणे पसंत केले. टिळकांचा अभंग भक्तिकवितेच्या वर्गात तुकोबांशेजारी ठेवून वाचला गेला, तर नव्या ख्रिस्ती कवीसमोर भाषांतरित कोरसाखेरीज दुसरा नमुना उभा राहील. वसईत जमिनीच्या पैशांवर उठलेले बंगले आणि त्यांत तुटलेली भावंडे आहेत, नगरकडच्या खेड्यांतून पुण्याला नोकरीसाठी आलेली पोरे आहेत. त्यांच्या मोहाची आणि त्यांना लागलेल्या ओढीची कविता अजून लिहिली जायची आहे, आणि ती लिहिणाऱ्याला ओवी-अभंगाची घडलेली वाट हाताशी आहे.