मुलींची गाणी : प्रश्न आणि समर्पण

पाश्चात्त्य पॉप संगीताचा विषय आपल्या धर्मग्रामांत निघतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. मुलींच्या गायनसमूहांची गाणी तर 'उथळ प्रेमगीते' म्हणून ऐकण्याआधीच निकालात काढली जातात. ज्या अमेरिकेत १९६० च्या आसपास हा गीतप्रकार बहरला, तेथील काही गाणी लक्षपूर्वक ऐकली तर हा निवाडा घाईचा ठरतो, असे आम्हांस वाटते.

'शिरेल्स' हा न्यू जर्सीतील पॅसेइक येथील चार कृष्णवर्णीय शाळामैत्रिणींचा समूह. त्यांचे 'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे गीत १९६० साली प्रसिद्ध झाले आणि १९६१ च्या प्रारंभी 'बिलबोर्ड'च्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. कृष्णवर्णीय मुलींच्या समूहाला हा मान प्रथमच मिळत होता. कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन या तरुण दांपत्याची ही रचना. आजच्या रात्रीचे शब्द उद्या सकाळी टिकतील काय, हा त्यातील नायिकेचा प्रश्न. अनेकांना तो धीट वाटेल. वास्तविक तो निष्ठेचा प्रश्न आहे आणि विवाहाच्या वेदीवर दिले जाणारे वचन हे त्याचेच उत्तर होय. शर्ली ओवेन्सच्या आवाजात लाडिकपणा नाही, आर्जव नाही. आहे तो किंचित कातर प्रामाणिकपणा. सख्यांचे स्वर तिला साथ देतात ते साक्षीदारांसारखे. एकीने गावे आणि इतरांनी उत्तर द्यावे, ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनातून आलेली. मिस्सेत प्रतिसादस्तोत्र गाणाऱ्या आपल्या मंडळींना ती परकी वाटू नये.

याच दांपत्याने १९६२ साली 'क्रिस्टल्स' या समूहासाठी एक गीत लिहिले. प्रियकराची मारहाण हीच प्रेमाची खूण, असे त्यातील नायिका मानते. एका तरुण गायिकेने सांगितलेल्या अनुभवावरून ते सुचले होते. आक्षेप येताच ध्वनिमुद्रिका मागे घेण्यात आली. त्यात उपरोध आहे, असे काही जाणकार म्हणतात. आम्हांला तो ऐकू येत नाही. शिरेल्सची नायिका विचारते, ही केवळ सोसते. दोन्ही गीतांची लेखणी एकच असली, तरी त्यांत महदंतर आहे.

गाण्यांमागील व्यवहारही पाहिला पाहिजे. त्याच वर्षी 'क्रिस्टल्स'च्या नावाने अग्रस्थानी गेलेले 'हीज अ रेबेल' त्या मुलींनी गायिलेलेच नव्हते. आवाज होता डार्लीन लव्ह या धर्मोपदेशकाच्या कन्येचा, आणि ध्वनिमुद्रिकेवर तिचे नाव नव्हते. निर्माता फिल स्पेक्टर. त्यानेच १९६३ साली 'रोनेट्स'कडून 'बी माय बेबी' गाऊन घेतले. त्या गायिकांना मोबदल्यासाठी पुढे न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जुन्या करारावर बोट ठेवून न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००२ साली चित्रपटादींसाठी ही गीते देण्याचा हक्क निर्मात्याकडेच ठेवला. १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकापासून न्याय्य वेतनाचा आग्रह धरणाऱ्या ख्रिस्तसभेच्या लेकरांना हा मुद्दा गौण वाटू नये.

१९९२ च्या 'सिस्टर ॲक्ट' या चित्रपटात मठवासी भगिनी याच काळातील दोन गीते भक्तिगीते म्हणून गातात : मेरी वेल्सचे 'माय गाय' (१९६४) आणि लिटल पेगी मार्चचे 'आय विल फॉलो हिम' (१९६३). पहिल्यात प्रियकराच्या जागी देव येतो. दुसऱ्यात 'तो' कोण, एवढेच बदलते. प्रेक्षक हसतात आणि भारावतातही. पण या गंमतीतून एक गंभीर सत्य हाती लागते. कोठेही, कसेही मागे जाण्याची ही शपथ देवाला वाहिली तर शोभते. मूळ गाणे अग्रस्थानी गेले तेव्हा पेगी होती पंधरा वर्षांची, आणि गाण्यातील 'तो' होता एक सामान्य तरुण. माणसाच्या हाती इतके निःशेष समर्पण दिले, की मारालाही प्रेम म्हणण्याची वाट फार लांब राहत नाही.

म्हणून घरात अशी गाणी लागली, तर पालकांनी ती बंद करण्याची घाई करू नये. मुलींसोबत बसून ऐकावीत आणि विचारावे : ही नायिका प्रश्न विचारते आहे, की केवळ मागे चालते आहे? शिरेल्सच्या नायिकेचा प्रश्न आपल्या कन्यांना वेळीच विचारता आला, तर त्या गाण्याने आपले काम केले, असे आम्ही म्हणू.