धारच्या दवाखान्यातल्या बाकीच्या बायका

धार-देवासचा इतिहास म्हटलं की आपली गाडी पवार घराणी, मोडी दफ्तरं आणि किल्ला यांच्यापुढे सहसा जात नाही. देवासचं फार तर फॉर्स्टरमुळे नाव निघतं. म्हणून रूथ कॉम्प्टन ब्राउवर यांचं 'न्यू विमेन फॉर गॉड' (टोरंटो विद्यापीठ प्रकाशन, १९९०) आवर्जून वाचावं. १८७६ ते १९१४ या काळात भारतात काम केलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनरी स्त्रियांचा हा अभ्यास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या माळव्यातला आहे.

लेखिकेचा मुद्दा सरळ आहे. या बायका इथल्या स्त्रियांच्या उद्धारासाठी आल्या खऱ्या, पण मायदेशी ज्या दर्जाचं काम आणि अधिकार मिळणं अवघड होतं, ते त्यांना स्वतःलाच इथे मिळालं. डॉ. मार्गारेट ओ'हारा बघा. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून १८९१ साली डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी मध्य भारतात आल्या, आणि पुढे धारला बायकांचा दवाखाना उभा केला. श्रद्धेनं त्यांना घराबाहेर पडायला कारण दिलं आणि बाहेर पडल्यावर उभं राहायला जागाही. मिशनमधल्या पुरुषांशी या बायकांचे अधिकारावरून खटके उडाले, तेही ब्राउवर झाकत नाहीत. कुणाला संत करून ठेवलेलं नाही, हे मला फार आवडलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. दवाखाना काही एकट्या डॉक्टरवर चालत नाही. परिचारिका, मदतनीस, घरोघर जाणारी बायबलबाई, १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला येऊन तिथेच वाढलेल्या मुली: भार तर यांच्यावर होता. आराखड्यात खांब दाखवायचे आणि पाया गाळायचा, असं चालत नाही हो. या बायकांना ख्रिस्ती होऊन काय मिळालं? पगार, अक्षरओळख, की 'मीही कुणीतरी आहे' ही जाणीव? पुस्तकात त्या मुख्यतः दुसऱ्यांच्या अहवालांतून दिसतात. आणि ते अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले, त्यामुळे प्रत्येक 'उद्धारलेली' स्त्री कृतज्ञच!

हा दोष फक्त लेखिकेचा नाही, साधनांचाही आहे. पण आतून बोलणारा आवाज कसा असतो, ते आपल्याला मराठीत ठाऊक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं रडण्यात, भांडण्यात, सोवळं सांभाळण्यात गेली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे स्वतःच्या डोक्यानं पटलं तेव्हा सोवळं सुटलं. पुढे नवऱ्यामागे राहिलेलं 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुरं केलं, जिचं शाळेत शिक्षण झालेलं नव्हतं. यात कृतज्ञता आहे, पण लाचारी नाही. टिळकांची यथेच्छ थट्टाही आहे.

अर्थात लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातल्या, नवरा कवी. दुष्काळातल्या अनाथ मुलीचा अनुभव त्यांच्यावरून काढू नये. तुलना एवढ्यापुरतीच, की अहवालातल्या बाईला कोणते प्रश्न विचारायचे राहून गेले ते कळतं.

तीच गोष्ट पुढच्या काळातही दिसते. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया सावकारीविरुद्ध आदिवासींबरोबर उभ्या राहिल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांचा खून झाला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आलं. त्यांच्यावरचं जे लिखाण मी वाचलं त्यात खून आणि क्षमा आहे. सावकाराच्या तावडीतून सुटलेली बाई पुन्हा समूहचित्रातच.

माळव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजून कौटुंबिक बायबलं असतील. त्यांच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची रीत होती. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत, दफनभूमीतले दगड आहेत. मिशनचं काम मुख्यतः हिंदीत चाले, तेव्हा मोडी येणाऱ्यांनी इथे थोडं बाजूला सरून हिंदी वाचणाऱ्यांना पुढे करावं. आणि घरातल्या आज्यांशी आधी बोलावं, कागद नंतर.