आत्मशिस्त आणि स्वातंत्र्य : ‘गीता प्रवचने’तील सतराव्या प्रवचनाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

माणूस स्वतःला नियमांत बांधून घेतो, तेव्हा तो अधिक मोकळा होतो की अधिक जखडला जातो, हा प्रश्न मराठी विचारविश्वाला नवा नाही. संतांच्या नित्यनेमापासून राष्ट्रीय चळवळीतील आश्रमजीवनापर्यंत त्याची परंपरा आहे. आधुनिक मराठी गद्यात या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर आचार्य विनोबा भावे (१८९५-१९८२) यांच्या ‘गीता प्रवचने’ या ग्रंथात आढळते. हा ग्रंथ बहुधा अध्यात्मपर ग्रंथ म्हणून वाचला जातो. प्रस्तुत लेखात त्यातील सतराव्या प्रवचनाचा विचार ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेच्या अंगाने केला आहे. आत्मशिस्तीतून स्वातंत्र्य लाभते हा सिद्धांत कोणत्या अटींवर खरा ठरतो आणि कोठे अपुरा पडतो, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

तुरुंगातील ग्रंथ

‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ लिहिला गेला नाही, तो बोलला गेला. सविनय कायदेभंगाच्या काळात धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अवधीत दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने दिली. ती टिपून घेण्याचे काम सहबंदी साने गुरुजींनी केले. वक्ता कैदी, श्रोते कैदी आणि लेखनिकही कैदी, अशी या ग्रंथाची जन्मकथा आहे. ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांचे उठणे, बसणे, खाणे आणि काम दुसऱ्याच्या हुकमावर चालले आहे, अशा माणसांसमोर नियमबद्ध जीवनाची महती सांगणे हे मुळात धाडसाचे होते. तुरुंगाच्या शिस्तीहून वेगळी अशी काही शिस्त असते, हे या श्रोत्यांना पटवून देणे भाग होते. ग्रंथाच्या घरगुती दृष्टांतांमागे आणि समजावणीच्या सुरामागे ही निकड जाणवते.

सुबद्ध व्यवहाराचा सिद्धांत

सतरावे प्रवचन साधकाच्या कार्यक्रमाविषयी आहे. वर्तन सुबद्ध असेल तर वृत्ती मोकळी राहते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. त्यासाठी विनोबा नदीचा दृष्टांत योजतात. दोन काठांनी बांधलेली नदी वाहत राहते. काठ नसतील तर तिचे पाणी पसरून वाया जाते. येथे काठ हा प्रवाहाचा शत्रू नसून त्याच्या गतीचे कारण आहे.

या प्रतिपादनामागील मानसशास्त्र साधे, पण मार्मिक आहे. ज्याची अभ्यासाची वेळ ठरलेली आहे, त्याला ‘आज बसावे की नाही’ याचा निवाडा रोज करावा लागत नाही. निर्णयाचा तो शीण वाचला की मन विषयाकडे वळण्यास मोकळे होते. रियाज करणारा गायक किंवा नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी यांच्या अनुभवाने हे सहज पडताळता येते. चौथ्या अध्यायाच्या विवेचनात विनोबांनी कर्माला ‘विकर्मा’ची, म्हणजे मनाच्या सहकार्याची, जोड दिली आहे. हे सहकार्य लाभले की कर्माचा भार उरत नाही, त्याचे अकर्म होते, असे ते मांडतात. त्यामुळे मन ज्यात नाही असा नियम त्यांच्या लेखी अपुराच ठरतो. हे सूत्र ध्यानात घेतले, तर विनोबांना केवळ नियमांचे पुरस्कर्ते ठरविणे अन्यायाचे होईल.

सिद्धांताची मर्यादा

तथापि नदीच्या दृष्टांतात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. काठ कोणी बांधले? नदी आपले काठ स्वतः घडविते. कालव्याचे काठ दुसरा कोणी तरी बांधतो. दोन्हींत पाणी वाहतेच, पण दोघांच्या वाहण्याला एकच नाव देता येणार नाही.

विचारवंत आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या आपल्या व्याख्यानात या प्रकारच्या विचारावर गंभीर आक्षेप घेतला. जे मिळवता येत नाही त्याची इच्छाच सोडून द्यायची आणि अंतर्यामीच्या किल्ल्यात माघार घेऊन त्यालाच स्वातंत्र्य म्हणायचे, ही त्यांच्या मते स्वातंत्र्याची फसवी कल्पना होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात वेगळ्या बाजूने याच मुद्द्याला स्पर्श केला होता. नियम सांगितलेले करायला लावतो. तत्त्व माणसाला स्वतः विचार करायला लावते व कृतीची जबाबदारी त्याच्यावर सोपविते, असा भेद त्यांनी केला. केवळ नियमांनी बांधलेले आचरण कितीही काटेकोर असले तरी ते स्वतंत्र माणसाचे आचरण नव्हे, असा याचा अर्थ होतो. विशेष म्हणजे आंबेडकरांनी व्रत ही कल्पना टाकून दिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या वेळी त्यांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. जन्माने लादलेले नियम सोडून, विचारपूर्वक स्वीकारलेल्या नियमांनी स्वतःला बांधून घेणे, हा त्या प्रतिज्ञांचा गाभा आहे. विनोबा आणि आंबेडकर यांच्या भूमिकांत मोठे अंतर असले, तरी स्वीकारलेले बंधन मुक्त करू शकते या मुद्द्यावर दोघे जवळ येतात.

‘अनुशासन’ या शब्दाचे प्राक्तन

हा भेद पुसट झाला की काय घडते, याचा प्रत्यय विनोबांच्याच आयुष्यात आला. २५ डिसेंबर १९७४ पासून ते वर्षभर मौनात होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि त्यांनी लिहून दिलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्दप्रयोग सरकारी प्रचाराचे घोषवाक्य बनला. मौन सुटल्यावर त्यांनी सत्ताधाऱ्यांचे ते शासन आणि आचार्यांचे ते अनुशासन, असा खुलासा केला. तोवर शब्द सत्तेच्या हाती गेला होता. त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. आत्मशिस्तीची भाषा सत्तेच्या तोंडी आली की ती आज्ञापालनाची भाषा होते, हा या घटनाक्रमाचा धडा आहे. विनोबांचा खुलासा तत्त्वतः योग्य होता. मात्र तो उशिरा आला, हे समीक्षेने नोंदविले पाहिजे.

माहुलच्या संदर्भात

सिद्धांताची खरी कसोटी वर्तमानात लागते. मुंबईच्या पूर्व उपनगरातील माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५० च्या दशकात या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे येथेच प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची वसाहत बांधली गेली आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यावर तेथील कुटुंबांना २०१७ पासून या वसाहतीत हलविण्यात आले. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदविले होते. अशा वस्तीतील माणसाला ‘व्यवहार सुबद्ध ठेव, वृत्ती मोकळी होईल’ असे सांगितले तर तो उपदेश कसा ऐकू येईल? पहाटे उठण्याचा नेम पाळता येतो. श्वास न घेण्याचा नेम पाळता येत नाही.

येथे सतराव्या प्रवचनाचा दुर्लक्षित राहिलेला उत्तरार्ध उपयोगी पडतो. सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्थांत माणूस जन्मतो व त्या तिन्हींची झीज त्याच्या वापरामुळे होते, असे विनोबा सांगतात. सृष्टीची झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे म्हणजे दान आणि शरीराची शुद्धी राखणे म्हणजे तप. म्हणजेच शिस्त ही एकट्या साधकाने आपल्या शरीरापुरती पाळावयाची गोष्ट नाही. जो जितकी झीज करतो, तितकी भरपाई त्याच्याकडे लागते. या न्यायाने माहुलच्या हवेचे देणे प्रथम तेथील धुरांड्यांकडे व नियोजनकर्त्यांकडे निघते, चौथ्या मजल्यावर खोकणाऱ्या वृद्धाकडे नव्हे. प्रवचनाचा पूर्वार्ध तेवढा उचलून गरिबाला संयम शिकविणारे वाचन अर्धवट होय.

माहुलच्या रहिवाशांनी २०१८ मध्ये विद्याविहार येथे जलवाहिनीलगत धरणे आरंभिले व ते दीर्घकाळ चालविले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्यावे अथवा दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. घर गमावलेल्या माणसांनी उघड्यावर दीर्घकाळ एकत्र टिकून राहणे हेही अनुशासनच होय. ते कोणी लादलेले नव्हते आणि त्याचा रोख अंतर्यामीच्या किल्ल्याकडे नसून बाहेरच्या अन्यायाकडे होता. धुळ्याच्या सत्याग्रहींची शिस्त याच जातीची होती.

समारोप

आत्मशिस्त स्वातंत्र्याकडे नेते, हे विधान निरपवाद सत्य म्हणून स्वीकारता येत नाही आणि भाबडे म्हणून फेटाळताही येत नाही. बंधन स्वतः पारखून स्वीकारलेले असावे, त्यात मनाचा सहभाग असावा आणि ते दुर्बळाइतकेच बलवानावरही लागू असावे, या तीन अटींवर ते खरे ठरते. पैकी दुसरी अट विनोबांनी स्पष्टपणे सांगितली, तिसरी यज्ञाच्या कल्पनेत अध्याहृत ठेवली आणि पहिली तुरुंगातील सत्याग्रही श्रोत्यांपुढे गृहीत धरली. ते श्रोते आपल्या निवडीने तुरुंगात आले होते. सर्वच वाचकांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. वर्गात हजेरी, वेळापत्रक आणि नियमावली यांच्या आधारे शिस्तीचे धडे देणाऱ्या अध्यापकालाही हाच भेद विचारात घ्यावा लागेल. त्याने घालून दिलेले काठ विद्यार्थ्याने पुढे स्वतःचे म्हणून स्वीकारले, तरच ती शिस्त त्याला मोकळे करील.