सौंदर्याचे माप : ‘सौंदरनंद’चे एक पुनर्वाचन

महाकवी अश्वघोषाचे नाव निघाले की आपल्याला प्रथम ‘बुद्धचरित’ आठवते आणि त्यानंतर त्याच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’. ‘सौंदरनंद’ हे त्याचे १८ सर्गांचे महाकाव्य मात्र तितकेसे वाचले जात नाही. पंडित हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० साली संपादित करून प्रकाशात आणले. पत्नीच्या रूपावर लुब्ध झालेला नंद, हा तथागतांचा सावत्र भाऊ, अखेर अर्हतपदाला पोहोचतो, एवढाच या काव्याचा सारांश बहुधा सांगितला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. प्रिय व्यक्तीच्या रूपाला माप लावण्याची सवय प्रेमाचाच घात कशी करते, याचे मर्मग्राही विवेचन या काव्यात आहे आणि ते आजही आपल्या उपयोगाचे आहे.

चौथ्या सर्गातील प्रसंग पाहावा. सुंदरी नंदाच्या हाती आरसा देऊन गालावर विशेषक रेखाटू लागते. पतीच्या मिशीकडे पाहत ती आपल्या मुखावर तशीच रेघ काढते. नंद आरशावर निःश्वास सोडून तो धूसर करतो. संपूर्ण काव्यात या दोघांमधील जिव्हाळा इतका अन्यत्र कोठेही प्रकट होत नाही आणि तो प्रकट होतो तो रूप जाणूनबुजून बिघडविण्यातून! प्रेम जेथे निर्भय असते तेथे व्यंगाचीही थट्टा होऊ शकते, हे कवीला ठाऊक होते.

तथागत भिक्षेविना परतल्याचे कळताच नंद त्यांच्यामागे जातो. विशेषक वाळण्यापूर्वी परत यावे, असे सुंदरीने बजावलेले असते. पण तो परतत नाही. मनाविरुद्ध प्रव्रजित झालेला नंद विहारात शोक करीत राहतो. त्याचे मन वळविण्यासाठी आठव्या सर्गात एक भिक्खू स्त्रीदेहाची कठोर निंदा करतो. आजच्या वाचकाला हा सर्ग खटकतो आणि तो खटकलाच पाहिजे. परंतु या उपदेशाचा नंदावर काहीच परिणाम होत नाही, हेही कवीनेच नोंदविले आहे. देहाची पूजा आणि देहाची किळस या दोन्हींची दृष्टी देहावरच खिळलेली असते. मग एकीने दुसरीवर मात कशी करावी?

दहाव्या सर्गात तथागत निराळा उपाय योजतात. हिमालयात ते नंदाला एक डोळा गमावलेली वानरी दाखवितात आणि हिच्यात व तुझ्या पत्नीत अधिक सुंदर कोण, असे विचारतात. नंद हसतो, तुलना त्याला हास्यास्पद वाटते. पुढे स्वर्गातील अप्सरा पाहिल्यावर तोच नंद सांगतो की, सुंदरीपुढे जशी ती वानरी, तशी या अप्सरांपुढे सुंदरी. पाली ‘उदाना’तील नंदसुत्तात वानरीची केवळ उपमा आहे, अश्वघोषाने तिचे दृश्य केले आणि नंदाला स्वतःच्याच तोंडून स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावली.

येथे प्रश्न असा की, या दोन उत्तरांच्या दरम्यान सुंदरीत काय बदलले? काहीच नाही. ती कपिलवस्तूत त्याच्यासाठी अश्रू ढाळीत आहे. बदलले ते केवळ माप. जे प्रेम श्रेष्ठ रूपावर उभे असते, ते त्याहून श्रेष्ठ रूप दिसताच ढासळते. नंद अप्सरांच्या आशेने तप करू लागतो, तेव्हा आनंद त्याला त्या तपातील लोभ दाखवून देतो. नंदाला लज्जा वाटते आणि तेथून त्याचा खरा मार्ग सुरू होतो.

काव्याची एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सहाव्या सर्गातील विलापानंतर सुंदरी जवळजवळ नाहीशी होते. अखेरच्या सर्गात तीही विरक्तीकडे वळेल, असे तथागत म्हणतात. पण तिचे स्वतःचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. वानरीशी तुलना झालेल्या त्या स्त्रीचे काय झाले? ही उणीव आपल्या महाराष्ट्रातच काही अंशी भरून निघाली आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने दान दिलेल्या अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात नंदाच्या कथेचे चित्रण आहे. तेथील ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध असलेली स्त्री म्हणजे सुंदरीच, असे अभ्यासक मानतात. मान कलली आहे, अंग शिथिल झाले आहे, भोवती सख्या व्याकूळ आहेत. चित्रकाराने तिचे लावण्य मोजले नाही. त्याने तिचे दुःख पाहिले. करुणेची दृष्टी ती हीच.

आपल्या समाजातही वधू-वरांच्या जाहिरातींत ‘गोरी, उंच, सडपातळ’ ही विशेषणे अजून सुटलेली नाहीत. वर्णाची उतरंड नाकारणाऱ्यांनी कातडीच्या रंगाची उतरंड घरात जपावी, ही विसंगती साधी नव्हे. विवाहानंतरही हे माप खाली ठेवले जात नाही. बाळंतपणाने, आजाराने, वयाने बदललेला देह जोडीदाराच्या नजरेत रोज कमी भरू लागतो. देह बदलणारच, अनिच्चतेचा हा पाठ आपण वंदनेत म्हणतो. तो घरातल्या माणसाकडे पाहतानाही आठवला पाहिजे. ‘सौंदरनंद’ वाचावे ते यासाठी. नंदाला विहारात जाऊन जे उमगले, ते संसारात राहूनही उमगू शकते. त्यासाठी हातातील माप तेवढे खाली ठेवावे लागते.