‘न वाढणारा’ आजार आणि वाढते मूल : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील सेरेब्रल पाल्सी पुनर्वसनाची चिकित्सा

प्रास्ताविक

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकात वाहन उद्योग या परिसरात आला आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एका औद्योगिक नगरात विलीन झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे उद्योगांचा ओघ पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे सरकला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा व २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेलेली दिसते. या विकासाचा आढावा घेताना गुंतवणूक, उत्पादन व रोजगार यांची चर्चा होते. मात्र रोजगारासाठी येथे आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या अपंग बालकाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकांच्या आरोग्य व पुनर्वसन सेवांची या अंगाने चिकित्सा करण्यात आली आहे.

सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण साधारणपणे दर हजार जन्मांमागे दोन ते तीन असे मानले जाते. मुदतपूर्व जन्म, जन्मवेळी प्राणवायूचा अभाव, नवजात बालकाची तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत. यांतील काही टाळता येण्याजोगी आहेत. मात्र या पट्ट्यात अशी नेमकी किती मुले आहेत, हे जनगणनेवरून सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते, त्यांत सेरेब्रल पाल्सीची स्वतंत्र नोंद नव्हती. त्यामुळे ही मुले हालचालींचे अपंगत्व, वाचादोष, बहुविकलांगता अशा निरनिराळ्या रकान्यांत विखुरली गेली. ज्यांची मोजणीच झाली नाही, त्यांच्यासाठी नियोजन कसे व्हावे, हा येथील पहिला प्रश्न आहे.

व्याख्येची चिकित्सा

अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्याने सेरेब्रल पाल्सीची व्याख्या करताना ती ‘न वाढणाऱ्या’ अवस्थांचा समूह असल्याचे म्हटले आणि तिचा समावेश हालचालींच्या अपंगत्वात केला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने या अवस्थेला नावानिशी स्वतंत्र स्थान दिले, पण व्याख्या तीच ठेवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर गेले. तरीही सेरेब्रल पाल्सीच्या वर्णनात ‘न वाढणारी’ हेच विशेषण कायम राहिले.

वैद्यकीयदृष्ट्या हे विशेषण चुकीचे नाही. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, हे खरे आहे. परंतु मूल वाढते. हाडांची लांबी वाढत असताना ताठर स्नायू त्या गतीने वाढत नाहीत. परिणामी सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो, खुबा जागेवरून सरकतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत हा भेद स्पष्टपणे नोंदविला गेला. मेंदूतील बिघाड स्थिर असला तरी त्यासोबत अपस्मार, संवेदन, आकलन व संवाद यांतील अडचणी आणि हाडे-स्नायूंच्या पुढे उद्भवणाऱ्या समस्या असू शकतात, असे ती सांगते. या व्याख्येनंतर नऊ वर्षांनी संमत झालेल्या भारतीय कायद्यात हा उत्तरार्ध आला नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. अवस्था स्थिर आहे असे गृहीत धरले की सेवाही एकदाच द्यावयाची गोष्ट ठरते. एकदा तपासणी, एकदा दाखला, एकदा साधन आणि एकदा अनुदान असा तिचा क्रम लागतो. याउलट, शरीर बदलत राहणार हे मान्य केले तर सेवेचा आत्मा सातत्य हाच ठरतो. येथील व्यवस्थेचे मूळ दुखणे या फरकात आहे.

दाखला, शिबिर आणि साधन

शासकीय योजनांचे प्रवेशद्वार म्हणजे अपंगत्वाचा दाखला. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार वैश्विक ओळखपत्राचा रंगही टक्केवारीनुसार पांढरा, पिवळा किंवा निळा ठरतो. दाखल्याची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. पण टक्केवारी मुलाची आजची स्थिती सांगते, त्याला पुढील वर्षभरात कशाची गरज पडेल हे सांगत नाही. १९९७ पासून जगभर वापरात असलेल्या हालचालींच्या पाच स्तरांच्या वर्गीकरणातून हे बरेचसे कळू शकते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या २००६ च्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा सरकलेला आढळला. पहिल्या स्तरातील मुलांत हे प्रमाण शून्य, तर पाचव्या स्तरात सुमारे ९० टक्के होते. म्हणजे कोणत्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढला पाहिजे, हे आधीच ठरविता येते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नोंदवही ठेवून नियमित तपासणी सुरू झाली आणि तेथे खुबा निखळण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. तेथे निर्णायक ठरली ती नोंदवही आणि ठरलेल्या दिवशीची तपासणी.

आपल्याकडे साधनवाटपाची शिबिरे हा सेवेचा सर्वाधिक दृश्य प्रकार आहे. चाकांची खुर्ची, कॅलिपर, कुबड्या यांचे वाटप होते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, लाभार्थींची संख्या जाहीर होते. केंद्र शासनाच्या साधनसाहाय्य योजनेने मात्र एक शहाणपणाची तरतूद केली आहे. सर्वसाधारणपणे तेच साधन तीन वर्षांनी पुन्हा मिळते, परंतु बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. मूल वाढते, हे या एका नियमाने ओळखले. पण नवे माप घेणारा, पट्टा कुठे काचतो हे पाहणारा आणि बसण्याची योग्य पद्धत शिकविणारा माणूस घराजवळ नसेल, तर मुदत कमी करून काय साधणार? माप चुकलेले साधन अखेर घराच्या कोपऱ्यात पडून राहते.

२०१३ साली पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने विकासातील विलंब हा तपासणीचा विषय केला, हे त्याचे मोठे योगदान होय. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी आणि पुढे जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी, अशी त्याची रचना आहे. या रचनेस औद्योगिक पट्ट्यात एक मर्यादा पडते. स्थलांतरित कामगाराचे बाळ अनेकदा बाळंतपणानंतर काही महिने आजोळी, मराठवाड्यात, विदर्भात किंवा परराज्यात असते. खोली बदलली की अंगणवाडीही बदलते. सेरेब्रल पाल्सीचे निदान सहा महिन्यांच्या आतही शक्य आहे, हे २०१७ पर्यंतच्या संशोधनाने दाखवून दिले. परंतु जे मूल कोणत्याही एका यादीत टिकत नाही, त्याचे निदान मान न धरण्यापासून न बसण्यापर्यंत आणि न बसण्यापासून न चालण्यापर्यंत लांबत जाते.

कारखान्याचे घड्याळ

पुनर्वसनाच्या चर्चेत खर्चाचा विचार होतो, वेळेचा होत नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी व स्पीच थेरपी या आठवड्यातून ठरावीक वेळा, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या सेवा आहेत. कामगार तीन पाळ्यांत काम करतो, बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. रात्रपाळी करून आलेला पिता किंवा सकाळच्या पाळीला निघालेली माता मुलाला घेऊन कधी जाणार? परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. सेवाकेंद्राच्या वेळापत्रकात या साध्या गोष्टीचा विचार झाला, तरी अनेक कुटुंबांचा एक दिवसाचा रोज वाचू शकेल.

केंद्रीय सेवेतील महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा मिळते आणि अपत्य अपंग असल्यास त्यासाठी वयाची मर्यादा नाही. अपंग मुलाच्या मातेची ही गरज घटनात्मक कर्तव्याशी निगडित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अधोरेखित केले. खासगी कारखान्यातील कंत्राटी कामगार स्त्रीला अशा रजेचा आधार नाही. तिच्यापुढे नोकरी की मुलाचे उपचार, असा पर्याय उभा राहतो आणि बहुधा नोकरी सुटते. उपचारांचा खर्च वाढत असतानाच घरातील एक उत्पन्न थांबते.

विम्याच्या बाबतीतही असेच घडते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत शारीरिक वा मानसिक दौर्बल्य असलेल्या व पूर्णतः अवलंबून असलेल्या अपत्याचा, ते दौर्बल्य असेपर्यंत, समावेश केला होता. ही दूरदृष्टी दाद देण्याजोगी आहे. परंतु १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. थोडी वेतनवाढ किंवा जादा कामामुळे नव्हे, तर नियमित वेतन मर्यादेपलीकडे गेल्याने कामगार योजनेबाहेर पडतो आणि कंत्राट संपल्यावर अंशदान खंडित झाले तर हक्कही खंडित होतो. मुलाचे दौर्बल्य कायम राहते, त्याचे संरक्षण मात्र पित्याच्या कंत्राटाला बांधलेले असते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे व त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. ही तरतूद स्वागतार्ह असली तरी तेथे आधी खर्च आणि मग परतावा असा क्रम आहे. महिनाअखेरीस उसनवारी करणाऱ्या कुटुंबाला हा क्रम परवडत नाही.

हद्दीचा प्रश्न

२०१६ च्या अधिनियमाने आरोग्य व पुनर्वसनाची जबाबदारी शासनाबरोबरच स्थानिक प्राधिकरणांवरही टाकली. पुनर्वसनाच्या कलमात मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावी, असे राज्य शासनाचे धोरण आहे. टक्केवारी सर्वांना सारखी असली तरी निधी सारखा नसतो. पिंपरी-चिंचवड महापालिका देशातील सधन महापालिकांत गणली जाते. तिने मोरवाडी येथे दिव्यांग भवन उभारून विविध उपचार एका छताखाली आणण्याचा प्रयत्न केला, ही निश्चितच अनुकरणीय बाब आहे. परंतु मोशी ओलांडून इंद्रायणीपलीकडे गेले की खेड तालुका सुरू होतो. चिंबळी, कुरुळी, म्हाळुंगे येथे ग्रामपंचायती आहेत आणि चाकणला २०१५ मध्ये स्थापन झालेली नगरपरिषद आहे. कारखाने, कंत्राटदार, खोल्यांची भाडी आणि कामगारांचे जीवन नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच आहे. मुलाचा हक्क मात्र नदीबरोबर बदलतो.

चाकणहून पिंपरीस मुलाला नेणे म्हणजे वाहतूक कोंडीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या महामार्गावरून, मान व पाठ न धरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करणे होय. पुणे मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीतून सुरू झाली, ती चाकणपर्यंत जात नाही. मूल लहान असेपर्यंत माता त्याला कडेवर नेते. ते दहा वर्षांचे झाले की नेणे अशक्य होते आणि थेरपी थांबते. हाडांची वाढ वेगाने होण्याचे वय त्यानंतरच सुरू होते.

पर्यायाची दिशा

सर्वत्र तज्ज्ञ नेमणे शक्य नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो पूर्णतः गैरलागू नाही. तथापि, सर्व काम तज्ज्ञानेच करावयाचे नसते. बांगलादेशात विकसित झालेल्या पालक-प्रशिक्षणाच्या पद्धतीने दाखविले की मुलाला उचलणे, बसविणे, भरविणे आणि त्याच्याशी संवाद साधणे पालकगटांतून शिकविता येते. अर्थात, याच्या आधारे सारा भार आईवर टाकून व्यवस्थेने मोकळे होणे योग्य ठरणार नाही. पालकाचे शिक्षण तज्ज्ञाच्या नियमित देखरेखीला जोडलेले असले पाहिजे.

यासाठी निधीचा मार्गही उपलब्ध आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार पात्र कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असून त्यात कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित आहे. २०२१ च्या सुधारणेने अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांनाही वाव दिला. म्हणजे शंभर खुर्च्यांच्या वाटपाऐवजी चाकण परिसरात एका फिरत्या थेरपी पथकाचे तीन वर्षांचे वेतन देणे नियमांत बसते. कंपनी, नगरपरिषद व ग्रामीण रुग्णालय यांनी एकत्र येऊन महापालिकेच्या केंद्राशी करार केल्यास इंद्रायणीची हद्द मुलाच्या आड येणार नाही.

समारोप

सदर चिकित्सेतून असे दिसते की या औद्योगिक पट्ट्यात कायदे, योजना व निधी यांचा संपूर्ण अभाव नाही. अभाव आहे तो सातत्याचा. कायद्याची व्याख्या मेंदूच्या स्थिर इजेपाशी थांबली आणि व्यवस्थेने मुलालाच स्थिर मानले. म्हणून मोजमाप बदलणे ही पहिली गरज आहे. किती दाखले दिले व किती साधने वाटली यांबरोबर प्रत्येक मुलाला वर्षात ठरलेल्यांपैकी किती उपचारसत्रे मिळाली, घरापासून केंद्र किती अंतरावर होते आणि खुब्याची तपासणी वेळेवर झाली का, हे नोंदविले गेले पाहिजे. ज्या पट्ट्यात वाहनाच्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद ठेवली जाते, तेथे काही हजार मुलांची नोंदवही ठेवणे अवघड म्हणता येणार नाही. मेंदूची इजा भरून काढणे आज वैद्यकशास्त्राच्या हाती नाही. सांधे आखडू न देणे आणि खुबा जागेवर राखणे मात्र बऱ्याच अंशी हाती आहे. त्यात होणारी हानी आजाराच्या नव्हे, तर व्यवस्थेच्या खाती मांडावी लागेल.