तंजावरची हस्तिदंती व्यक्तिचित्रे

तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरभराटीस आलेला लघुचित्रप्रकार. व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या या राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) व त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी (कार. १८३२–५५) यांच्याकडे किल्ला, त्याचा परिसर आणि राजपदाचा मान एवढेच उरले. सरफोजी स्वतः दत्तक. त्यांचा वारसाहक्क अमरसिंहांशी झालेल्या वादातून सिद्ध झालेला. अशा घराण्यास वंशपरंपरेच्या दृश्य प्रतिपादनाचे महत्त्व वाटणे स्वाभाविक होते.

शिवाजींच्या काळी चित्रकारांची १८ कुटुंबे राजाश्रयावर अवलंबून होती, असे पर्सी ब्राउन यांनी नमूद केले आहे. हस्तिदंतावर ते मुख्यत्वे व्यक्तिचित्रे जलरंगांत रंगवीत, त्यांची उंची सामान्यतः सहा इंचांपर्यंत (सु. १५ सेंमी.) असे. हस्तिदंताचा गुळगुळीत पृष्ठभाग रंग शोषून घेत नाही. त्यामुळे बारीक ठिपके व रेषा यांनीच छटा साधाव्या लागतात. पातळ रंगातून जाणवणारी हस्तिदंताची झळाळी त्वचेच्या चित्रणास पोषक ठरते.

याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड ग्रीन मॅल्बोन (१७७७–१८०७), सेअरा गुडरिज (१७८८–१८५३) आदी चित्रकार हस्तिदंतावर कुटुंबीयांची चित्रे काढीत. पती, पत्नी, अपत्ये वा दिवंगत आप्त यांचे चित्र पदकात बसवून अंगावर वागविले जाई. कधी त्यामागे केसांची बट जपलेली असे. ते चित्र एका जिव्हाळ्याच्या माणसासाठी होते, तंजावरचे दरबारासाठी. साहजिकच तंजावरच्या राजव्यक्तिचित्रांत पगडी, अलंकार व भरजरी वस्त्रे यांचे वर्णन मुद्रेवर मात करते. पदवी स्पष्ट दिसते, स्वभाव क्वचितच. ही उणीव खरी. परंतु ती केवळ कारागिराच्या मर्यादेची निदर्शक मानणे एकांगी ठरेल. ज्या राजाकडे राजचिन्हेच शिल्लक होती, त्याचे चित्र त्या चिन्हांनी व्यापलेले असावे, यात त्या काळाचे सत्यच उमटले आहे.

अमेरिकेतील प्रकार १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप या छायाचित्रण-पद्धतीपुढे मागे पडला. तेथे गरज टिकली, साधन बदलले. तंजावरात १८५५ मध्ये शिवाजी पुत्रहीन वारले व राज्य खालसा झाले. चित्रकारांचा आश्रयदाताच नाहीसा झाला. वंश टिकावा म्हणून जोपासलेली ही कला अखेर वंशखंडाचीच साक्षीदार ठरली.